बर्फ नसलेल्या शहरात बर्फाची तयारी : आठ फुटी स्लाइड बोर्डचे परीक्षण

स्पीड स्केटिंगचा गंभीर सराव करता येईल अशी बर्फाची रिंक नागपुरात नाही. त्यामुळे चाकांवरच्या स्केटिंगमध्ये, सायकलिंगमध्ये किंवा धावण्यात राष्ट्रीय पातळी गाठलेल्या एखाद्या खेळाडूने बर्फावरच्या स्पीड स्केटिंगकडे वळायचे ठरवले, तर वर्षातला बहुतेक काळ त्याला बर्फाविनाच तयारी करावी लागते. अशा तयारीसाठी स्केटिंगच्या जगात पूर्वीपासून वापरले जाणारे साधन म्हणजे स्लाइड बोर्ड. आमच्या प्रशिक्षण गटासाठी आम्ही असा एक आठ फुटी बोर्ड ऑनलाइन मागवला आणि उन्हाळा, पावसाळा, हिवाळा या तिन्ही ऋतूंत त्यावर सराव घेतला. या वस्तूविषयी जी परीक्षणे वाचायला मिळतात, ती बहुधा घरच्या घरी वजन कमी करू इच्छिणाऱ्यांनी लिहिलेली असतात. खेळ बदलणाऱ्या खेळाडूच्या गरजा त्यांत येत नाहीत, आणि नागपूरच्या हवेचा विचार तर कोणी केलेलाच नसतो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बोर्डाची रचना अगदी साधी आहे. आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद असा गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा प्लायवूडवर बसवलेला असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना पाय अडवणारे ठोकळे असतात, ज्यांना आमची मुले स्टॉपर म्हणतात. बुटांवर घसरते मोजे चढवायचे, एका स्टॉपरला पाय लावून शरीर आडवे ढकलायचे, घसरत दुसऱ्या टोकाला जायचे, तिथे पाय टेकवायचा आणि लगेच उलट दिशेने निघायचे, एवढाच हा व्यायाम. गुडघे मात्र पूर्ण वेळ खोल वाकलेले आणि पाठ जमिनीला जवळजवळ समांतर राहिली पाहिजे. त्यात ढिलाई आली की बोर्डाचा अर्धा उपयोग संपतो. आमच्या बोर्डाची किंमत चार आकड्यांत होती, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाच्या इनलाइन (एका रांगेत चाके असलेल्या) बुटांच्या तुलनेत बरीच कमी.

बर्फापासून दूर राहून बर्फावरचा खेळाडू घडू शकतो का, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. त्याचे सर्वांत ठळक उत्तर अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या ओकाला या उष्ण गावात सापडते. एरिन जॅक्सन, ब्रिटनी बो आणि जोई मँटिया हे अमेरिकेचे तिघे स्पीड स्केटर याच गावचे, आणि तिघांचीही सुरुवात चाकांवर झाली. इनलाइनमध्ये नाव कमावलेल्या जॅक्सनने बर्फावरचा सराव सुरू केल्यानंतर काही महिन्यांतच २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकसाठी पात्रता मिळवली. तिथे ५०० मीटरमध्ये ती २४ वी आली. २०२२ मध्ये बीजिंगला मात्र याच अंतरात ३७.०४ सेकंदांची वेळ देऊन तिने सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी निवड चाचणीत पाय घसरल्याने तिची जागा हुकली होती आणि ब्रिटनी बोने स्वतःची जागा तिला दिली होती. माझ्या मते पालकांनी यात विशेष पाहण्यासारखे आहे ते २४ व्या क्रमांकापासून पहिल्या क्रमांकापर्यंतचे अंतर. चाकांवरची ताकद आणि वेग तिच्याजवळ होताच. बर्फावर ब्लेडची धार समजून घ्यायला पुढची वर्षे लागली. स्लाइड बोर्डाकडून काय मागावे आणि काय मागू नये, याची मर्यादाही इथेच स्पष्ट होते.

आमच्याकडे या बोर्डावर सराव करणाऱ्यांत सर्वांत पुढे आहे ती इनलाइनमधील राष्ट्रीय पातळीची एक मुलगी. इनलाइन स्पीड स्केटिंग उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये नाही. आशियाई स्पर्धांत ते काही वेळा घेतले गेले आहे, आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे ३००० मीटर रिलेत भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी कांस्यपदक मिळवले. पण ज्या मुलांना ऑलिम्पिकच खुणावते, त्यांच्यासाठी बर्फ हाच रस्ता उरतो. या मुलीच्या बाबतीत बोर्डाचा एक उपयोग इतका स्पष्ट दिसला की केवळ त्यासाठीही तो घ्यावा असे मी म्हणेन. इनलाइनचे वरच्या दर्जाचे खेळाडू ज्याला डबल पुश म्हणतात, त्या पद्धतीत पाय आधी चाकाच्या बाहेरच्या कडेवर झुकवून शरीराखाली आत ओढला जातो आणि मग नेहमीप्रमाणे बाहेर ढकलला जातो, म्हणजे एका पावलात दोनदा जोर मिळतो. ही पद्धत रूढ करणारा टेक्सासचा चॅड हेड्रिक पुढे स्वतः बर्फाकडे वळला आणि २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये त्याने ५००० मीटरचे सुवर्ण, १०,००० मीटरचे रौप्य आणि १५०० मीटरचे कांस्य मिळवले; पण त्यासाठी चाकांवरच्या अनेक सवयी त्याला बाजूला ठेवाव्या लागल्या. स्लाइड बोर्डावर डबल पुश करताच येत नाही. पाय स्टॉपरला टेकलेला असतो, जोर एकदाच लावायचा असतो, आणि तो बरोबर आडवा लागला नाही तर शरीर पलीकडच्या टोकापर्यंत पोहोचतच नाही. प्रशिक्षकाने शंभर वेळा सांगून जी सवय सुटत नाही, ती इथे खेळाडूला स्वतःच्याच अपुऱ्या घसरणीतून कळते. आमच्या मुलीची बर्फावरची पहिली चाचणी झाली तेव्हा तिथल्या प्रशिक्षकांनी तिच्या वळणांविषयी बरीच नापसंती दाखवली, पण सरळ मार्गावरच्या तिच्या पुशविषयी त्यांची तक्रार नव्हती. बोर्डाचे मूल्यमापन म्हणून मला ते पुरेसे बोलके वाटते.

धावपटूच्या बाबतीत वेगळाच अनुभव आला. ४०० मीटर धावणारा एक मुलगा आमच्याकडे काही काळ सरावाला आला होता, आणि पायांच्या ताकदीत तो गटातल्या कोणाहीपेक्षा कमी नव्हता. तरीही सुरुवातीला तो बोर्डाच्या मध्यापर्यंतही धड पोहोचत नसे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. धावताना आपण जमिनीला मागे ढकलतो आणि शेवटचा जोर पायाच्या बोटांतून निघतो. स्केटिंगमध्ये मागे ढकलून काहीच हाती लागत नाही, कारण ब्लेड त्याच दिशेने सरकून जाते. जोर ब्लेडशी काटकोनात, आडवा आणि पूर्ण तळव्यातून द्यावा लागतो. लाँग ट्रॅकच्या, म्हणजे मोठ्या फेरीवरच्या शर्यतींच्या खेळाडूंना क्लॅप स्केटची सोय असते, ज्यात टाचेकडचा भाग ब्लेडपासून सुटतो आणि घोटा शेवटपर्यंत ताणता येतो. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकपर्यंत हे स्केट सर्वत्र रूढ झाले. शॉर्ट ट्रॅकमध्ये, म्हणजे लहान रिंकवरच्या शर्यतींत, मात्र ब्लेड बुटाला पक्की बसवलेली असते आणि बोटांनी जोर दिला तर तिचे टोक बर्फात रुतते. भारतातल्या बहुतेक मुलांचा बर्फाशी पहिला संबंध लहान रिंकवर येतो, म्हणून धावपटूची ही सवय आधीच मोडलेली बरी. बोर्डावर बोटांनी जोर दिला की मोजा निसटतो आणि पाय जागीच फिरतो. शिक्षा लगेच मिळते, आणि तिच्यात इजा होण्याचा धोका फारसा नाही.

सायकलपटूंकडे पाहिले तर इतिहास त्यांच्या बाजूने आहे. कॅनडाच्या क्लारा ह्यूजेसने १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सायकलिंगची दोन कांस्यपदके मिळवली आणि नंतर स्पीड स्केटिंगमध्ये २००२, २००६ आणि २०१० अशा तिन्ही हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पदके जिंकली, ज्यांत तुरिनमधील ५००० मीटरचे सुवर्ण आहे. अर्थात तिने किशोरवयात स्केटिंग केलेले होते, हे सांगणाऱ्याने विसरू नये. पूर्व जर्मनीची क्रिस्टा लुडिंग-रोथेनबुर्गर उलट दिशेने गेली. ती मुळात स्केटर होती, आणि १९८८ मध्ये कॅल्गरीला १००० मीटर स्केटिंगचे सुवर्ण व त्याच वर्षी सोलला सायकलिंग स्प्रिंटचे रौप्य अशी दोन्ही पदके तिने मिळवली. एकाच वर्षी हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवणारी ती एकमेव खेळाडू आहे. दोन्ही खेळांत मांडीचे आणि नितंबाचे तेच स्नायू राबतात, हे या ये-जा करण्यामागचे मोठे कारण आहे. तरीही आमच्या सायकलपटूला बोर्डावर पहिल्यांदा उतरवल्यावर अर्ध्या मिनिटात त्याच्या मांड्या पेटल्या, आणि त्याला स्वतःलाच त्याचे आश्चर्य वाटले. सायकलवर पेडल फिरताना स्नायू क्षणभर सैल पडतो आणि रक्त मोकळे वाहते. स्केटिंगच्या खोल बैठकीत स्नायू दीर्घकाळ आवळलेला राहतो, त्याच्यातील रक्तप्रवाह दाबला जातो आणि दमसास कितीही असला तरी मांडीत आम्ल साठू लागते. या जळजळीची सवय लावून घेण्यासाठी स्लाइड बोर्डाइतके स्वस्त आणि प्रामाणिक दुसरे साधन मला माहीत नाही. आम्ही ४० सेकंद सराव आणि तेवढीच किंवा दुप्पट विश्रांती असे गट ठेवतो, कारण ५०० मीटरची शर्यत साधारण तेवढ्याच वेळात संपते.

आता बोर्ड काय शिकवत नाही, ते सांगणे तितकेच आवश्यक आहे. वळण तो शिकवत नाही. लाँग ट्रॅकची फेरी ४०० मीटरची आणि शॉर्ट ट्रॅकची १११.१२ मीटरची असते. दोन्हींत खेळाडू सतत डावीकडे वळतो आणि शॉर्ट ट्रॅकमध्ये तर शर्यतीचा मोठा भाग वळणातच जातो. वळणावर उजवा पाय डाव्यावरून पुढे टाकावा लागतो, ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात, आणि त्याचा सराव आम्हाला वेगळा, कमरेला पट्टा बांधून, बाजूला झुकून घ्यावा लागतो. बोर्ड धारेची जाणीवही देत नाही. स्पीड स्केटची ब्लेड जेमतेम मिलिमीटरभर जाडीची असते आणि तिच्यावर एका पायाने लांब अंतर तोल सांभाळायचा असतो. बोर्डावर तळवा सपाट असतो आणि घसरण दीड-दोन सेकंदांत संपते, त्यामुळे घोट्याची ती बारीक कमावणी होत नाही. ज्या विक्रेत्यांनी आपल्या जाहिरातीत ‘बर्फाचा पूर्ण अनुभव’ असे शब्द वापरले आहेत, त्यांनी खेळाडूंची दिशाभूल केली आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. बर्फाचा अनुभव बर्फावरच मिळतो. त्यासाठी २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने उभारलेली आणि मध्यंतरी बरीच वर्षे बंद राहिलेली देहरादूनची रिंक किंवा जानेवारी-फेब्रुवारीत गोठणारे लेहचे नैसर्गिक बर्फ गाठल्याखेरीज गत्यंतर नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात हा बोर्ड कसा टिकतो, हा भाग या परीक्षणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याविषयी निर्मात्याच्या सूचनापत्रात एक अक्षरही नाही. वरचा पत्रा पॉलिथिलीनचा आहे, आणि हे प्लास्टिक उष्णतेने बरेच प्रसरण पावते. जानेवारीच्या पहाटेचे दहा-बारा अंश आणि मे महिन्यातल्या दुपारचे ४५ अंश यांमधील फरकात आठ फुटी पत्रा सेंटिमीटरभर लांबतो. सूचनापत्राप्रमाणे तो दोन्ही टोकांना स्क्रूने घट्ट आवळला, तर लांबायला जागा न मिळाल्याने मधोमध फुगतो. एप्रिलच्या अखेरीस आमच्या बोर्डाच्या मध्यभागी हाताला स्पष्ट जाणवेल असा उंचवटा आला आणि वेगाने घसरणाऱ्या खेळाडूचा पाय त्यावर अडखळू लागला. विक्रेत्याशी संपर्क साधल्यावर ‘बोर्ड थंड जागी ठेवा’ असे उत्तर आले. मे महिन्यात नागपुरात थंड जागा कोणती, हे त्यांनी सांगितले नाही. अखेर लोहाओळीतून रुंद वॉशर आणून, एका टोकाची छिद्रे लांबट करून आम्ही तो पत्रा पुन्हा बसवला. आता एक टोक पक्के आहे, दुसरे मोकळेपणाने सरकते, आणि उंचवटा पुन्हा आलेला नाही. हा बदल कोणताही सुतार तासाभरात करून देईल. विदर्भात हा बोर्ड घेणाऱ्याने तो वापरण्यापूर्वीच करून घ्यावा.

दुसरी अडचण कूलरची. उन्हाळ्यात बंद खोलीत कूलर लावल्याशिवाय सराव अशक्य असतो, आणि कूलरच्या दमट हवेने मोजे ओलसर होऊन घसरण मंदावते. फरक एवढा असतो की सकाळी सहज पलीकडे जाणारी मुलगी दुपारी अर्ध्या हाताने कमी पडते आणि तिला वाटते की ती दमली आहे. त्यामुळे कूलरचा झोत बोर्डावर न येता खेळाडूच्या पाठीवर येईल असा ठेवावा, मोज्यांचे दोन-तीन जोड आलटून पालटून वापरावेत आणि प्रत्येक सत्रापूर्वी पत्रा कोरड्या सुती कापडाने पुसून त्यावर सिलिकॉनचा हलका फवारा द्यावा. पावसाळ्यात हीच काळजी दुप्पट घ्यावी लागते. मेणाचे पॉलिश वापरू नये. ते प्रथम छान चालते, परंतु धूळ धरून ठेवते, आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही.

स्टॉपरविषयी माझी तक्रार अधिक गंभीर आहे. बोर्डासोबत आलेले स्टॉपर पत्र्याशी काटकोनात उभे आहेत आणि त्यांवरचे रबर पातळ आहे. ताकदवान खेळाडू वेगाने येऊन आदळतो, तेव्हा पायाची बाहेरची कड ठोकळ्यावर बसते आणि तो धक्का घोट्यातून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंत जातो. व्यायामासाठी पाच-दहा मिनिटे घसरणाऱ्याला हे जाणवणारही नाही, पण राष्ट्रीय पातळीचा खेळाडू एका सत्रात शेकडो वेळा आदळतो. स्टॉपर थोडा बाहेरच्या बाजूला कललेला असेल, तर पूर्ण तळवा त्यावर टेकतो आणि तोच उतार पुढच्या पुशला आधार देतो. आम्ही तिरक्या कापलेल्या लाकडी ठोकळ्यांवर जुन्या टायरचे जाड रबर चिकटवून हे साधले. इतक्या किमतीच्या वस्तूत ही गोष्ट मुळातच असायला हवी होती, आणि तिच्या अभावासाठी मी या बोर्डाला पाचपैकी साडेतीनच गुण देईन.

लांबीच्या बाबतीत तडजोड करू नये. गुंडाळून ठेवता येणारे सहा फुटी पट्टे निम्म्या किमतीत मिळतात. शाळकरी मुलांना त्यांवर बैठक शिकवता येते. परंतु पूर्ण वाढलेल्या आणि आधीच दुसऱ्या खेळात ताकद कमावलेल्या खेळाडूला सहा फुटांत घसरायला जागाच उरत नाही. पुश पूर्ण होण्याआधी समोरचा ठोकळा येतो आणि पाय आखडता घेण्याची सवय लागते, जी बर्फावर सर्वांत नडते. आठ फूट ही किमान लांबी समजावी. स्टॉपर सरकवून लांबी कमी-जास्त करण्याची सोय आमच्या बोर्डात आहे, तिचे मी मनापासून कौतुक करतो, कारण त्यामुळे बारा वर्षांची मुलगी आणि सहा फुटी सायकलपटू एकाच बोर्डावर सराव करू शकतात.

बॉबस्लेकडे, म्हणजे बर्फाच्या उतरत्या मार्गावरून स्लेडमध्ये बसून जाण्याच्या शर्यतीकडे, वळू इच्छिणाऱ्या वेगवान धावपटूंनी मात्र यावर पैसे घालवू नयेत. अमेरिकेच्या लॉरिन विल्यम्सने २००४ मध्ये अथेन्सला १०० मीटरचे रौप्य, २०१२ मध्ये लंडनला रिलेचे सुवर्ण आणि २०१४ मध्ये सोचीला बॉबस्लेचे रौप्य मिळवले. जर्मनीची अलेक्झांड्रा बुर्कहार्ट टोकियोत धावली आणि २०२२ मध्ये बीजिंगला बॉबस्लेच्या रौप्यपदकाची मानकरी ठरली. त्यांचे काम सुरुवातीच्या सुमारे ५० मीटरमध्ये जड स्लेड जोराने ढकलत धावण्याचे असते. त्यासाठी वजनाची ढकलगाडी आणि मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासारखा धावण्याचा ट्रॅक हवा.

खरेदीच्या व्यवहाराविषयी थोडे. बोर्ड दोन तुकड्यांत आला, आणि मधला सांधा पुरेसा सपाट होता. त्याच्या कडा मात्र आम्हाला बारीक पॉलिश कागदाने घासून घ्याव्या लागल्या. मोज्यांचा एकच जोड सोबत मिळाला आणि सराव नियमित असेल तर तो काही महिन्यांतच तळाशी विरतो. जादा जोड विक्रेत्याकडे स्वतंत्रपणे मिळत नाहीत, ही मोठी गैरसोय आहे. नायलॉनच्या जाड कापडाचे मोजे आम्ही शिंप्याकडून शिवून घेतले, ते मूळ मोज्यांपेक्षा अधिक टिकले. सूचनापत्र केवळ इंग्रजीत आहे. बोर्ड घेताना स्टॉपरचा कोन, पत्र्याची जाडी आणि जादा मोजे मिळण्याची सोय या तीन गोष्टी विक्रेत्याला लेखी विचाराव्यात, आणि पत्रा चार मिलिमीटरपेक्षा पातळ असल्यास दुसरा बोर्ड पाहावा.